उष्टावणानंतरची वाटी

कळंबोलीत बाळाचे दोन समारंभ चौकातल्या फ्लेक्सवर हमखास चढतात: बारसं आणि पहिला वाढदिवस. त्यांच्या मधे येणारं उष्टावण मात्र घरातल्या घरात उरकतं. चांदीची नाहीतर स्टीलची वाटी, तिच्यात तांदळाची खीर, मामाच्या मांडीवर बाळ आणि जिभेला टेकवलेली खिरीत बुडवलेली अंगठी. मुलगा असेल तर सम महिन्यात, सहाव्या किंवा आठव्या. मुलगी असेल तर विषम, पाचव्या किंवा सातव्या. मुलगा-मुलगी हा भेद बाळाच्या पोटाला कळत नाही, पण आजी-पणजीने निवडलेला काळ काही वाईट नव्हता. आजचं बालरोगशास्त्रही त्याच्या शेजारीच येऊन उभं राहिलंय. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबही नाही. आणि सहा पूर्ण झाले की अंगावरचं दूध चालू ठेवून वरचं खाणं सुरू. अडचण एवढीच, की उष्टावण एका दिवसाचं असतं आणि बाळाला दुसऱ्या दिवशीही भूक लागते.

त्या दुसऱ्या दिवसापासून काय होतं, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसतं. महाराष्ट्रात सहा महिन्यांखालच्या ७१ टक्के बाळांना निव्वळ अंगावरचं दूध मिळतं. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या आसपास होतं. आया, आशाताई, प्रसूतिगृहातल्या सिस्टर या सगळ्यांच्या मेहनतीचं हे फळ आहे. पण सहा महिने ते दोन वर्षं या वयाची शंभर मुलं घेतली, तर ज्यांना पुरेसा आहार मिळतो अशी दहाही भरत नाहीत. पुरेसा म्हणजे पंचपक्वान्नं नव्हेत. दिवसातून ठरावीक वेळा खाणं, आणि धान्य, डाळ, दूध, अंडं, मासे-मटण, भाज्या-फळं अशा गटांपैकी निदान चार गटांचं काहीतरी पोटात जाणं, एवढीच त्याची व्याख्या. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली आणि २५.६ टक्के मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी. हा दुसरा आकडा आधीच्या फेरीतही २५.६ च होता. मधल्या काळात मेट्रोची, समृद्धी महामार्गाची कामं सुरू झाली. बाळाचा दंड होता तिथेच राहिला.

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाट येतो. नाहीतर जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी, जिथे १९९२ च्या सुमारास एकामागून एक बालकं दगावली आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांना जाग आली. हे जंगलातलं, डोंगरातलं, आदिवासी पाड्यावरचं दुखणं आहे, अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. सर्वेक्षण तसं म्हणत नाही. उंची खुंटलेल्या मुलांच्या बाबतीत राज्यातला शहरी आकडा ग्रामीण आकड्याच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. म्हणून हा लेख मेळघाटातून न लिहिता कळंबोलीतून लिहितो आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथे सुरू होतो. इथला लोखंड बाजार आणि त्याच्या भोवती उभ्या असलेल्या ट्रकच्या रांगा साऱ्या राज्याला माहीत आहेत. एकीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे खारघर-कामोठ्याचे मनोरे. सिडकोच्या सेक्टरांत नोकरदार राहतात, मूळ गावांत आगरी घरं आहेत, आणि मधल्या फटींमध्ये देशभरातून आलेली मजूर कुटुंबं. दवाखाने भरपूर, मेडिकलची दुकानं त्याहून भरपूर. अन्नाचा तुटवडा म्हणावा असं इथे काही दिसत नाही. तरीही दहा महिन्यांच्या मुलाच्या वाटीत डोकावलं, तर बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: पाणी.

वरणाचं पाणी, भाताची पेज, डाळीवरचं पाणी, पातळ केलेलं गाईचं दूध, चहात बुडवलेलं बिस्किट. बाळाला हलकं द्यावं, पचेल असं द्यावं, या मायेपोटीच हे सगळं होतं. पण त्या मायेचा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा.

जन्मतः बाळ साधारण पन्नास सेंटिमीटर लांब असतं, वर्षाचं होईतो पंचाहत्तरच्या घरात जातं. जन्माचं वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. माणूस आयुष्यात पुन्हा कधीही या वेगाने वाढत नाही. सहा महिन्यांपर्यंत ही सगळी वाढ अंगावरचं दूध एकहाती पेलतं. त्यानंतर दूध कमी पडू लागतं, ते बिघडतं म्हणून नव्हे, तर बाळाची गरज त्याच्या पुढे जाते म्हणून. शिवाय आईच्या पोटातून शिदोरी म्हणून आणलेलं लोह याच सुमारास संपत येतं. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल, तर आणखी लवकर. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, गाईच्या दुधात जे असतं ते अंगी लागत नाही. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर दहा मुलांमागे जवळपास सात मुलांना रक्तक्षय आहे, त्याची एक मुळी इथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाव्यतिरिक्त रोज सुमारे २०० कॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्ष उलटलं की साडेपाचशे. आता पोटाचं माप घ्या. बाळाच्या जठरात किलोमागे तीसेक मिलिलिटर मावतं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे-सव्वादोनशे मिलिलिटर, म्हणजे पाव लिटरही नाही. वरणाच्या वरच्या पाण्यात शंभर मिलिलिटरला जेमतेम पंधरा-वीस कॅलरी असतात. त्याच्यावर २०० कॅलरी भरून काढायच्या, तर बाळाला रोज लिटरभर पाणी पाजावं लागेल. आणि ते भरलं की अंगावरच्या दुधाला पोटात जागा उरणार नाही, म्हणजे जे चांगलं मिळत होतं तेही गेलं. आता त्याच घरातली, त्याच कुकरमधली मऊ मुगाची खिचडी घ्या. दीडशे ग्रॅमची वाटी, पाणी न ओतता चमच्याने मोडलेली, वर एक छोटा चमचा तूप किंवा कच्चं तेल. ढोबळ हिशेबाने दोनशे कॅलरी इथेच भरतात. हीच एक वाटी दिवसातून दोन-तीनदा विभागून दिली की सातव्या महिन्याचं गणित सुटलं. वेगळा खर्च नाही. डाळ-तांदूळ तेच, फक्त गाळणी बाजूला ठेवायची.

घट्ट म्हणजे किती घट्ट, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि त्याचं उत्तर वजनकाट्यावर नाही, चमच्यावर आहे. चमचा भरून तिरका धरायचा. अन्न धार धरून ओघळलं तर ते पातळ. चमच्यावर टिकलं आणि हळूच गोळ्याने घसरलं तर बरोबर. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस बाळ जिभेने बाहेर ढकलतं; ती नावड नसते, चोखायची सवय मोडून गिळायचं शिकणं असतं. याच टप्प्यावर 'याला आवडत नाही' म्हणून पुन्हा पाण्याकडे वळलेली घरं असंख्य आहेत.

नाचणीच्या सत्त्वाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणात ते बाळाचं पहिलं अन्न मानतात आणि त्या एका नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू खपतात. एका पद्धतीत नाचणी भिजवून वाटतात, फडक्यातून गाळतात, खाली बसलेला पांढरा साका वाळवतात. दिसायला सुरेख, लागायला मऊ, आणि पौष्टिकपणात बरंचसं रिकामं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण ते मोठ्या प्रमाणात सालपटात असतं, आणि सालपट फडक्यातच राहतं. हाती उरतो तो मुख्यतः स्टार्च. दुसऱ्या पद्धतीत नाचणीला मोड आणतात, सावलीत वाळवतात, हलकी भाजतात, दळतात आणि पीठ बारीक चाळणीने चाळतात. ही खरी गुणाची.

गंमत मोडात आहे. दाणा अंकुरतो तेव्हा त्याच्यात स्टार्च तोडणारा एक विकर तयार होतो, अमायलेज. साध्या पिठाची पेज थोड्याच पिठात घट्ट लगदा होते. मग आई पाणी वाढवते आणि कॅलरी पातळ होतात. मोड आलेल्या पिठाची पेज शिजताना हा विकर स्टार्चच्या लांब साखळ्या तोडत जातो, त्यामुळे जास्त पीठ घालूनही ती बाळाला गिळता येईल इतकी सैल राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर पद्धतशीर काम केलं. घट्ट शिजवलेल्या पेजेत चिमूट-दोन चिमटी मोडाचं पीठ टाकलं, की ती काही मिनिटांत सैल होते. अट एकच: पेज गरम हवी, पण उकळती नको, उकळीत विकर मरतो. तसंच मोड आलेली नाचणी खरपूस भाजली तरीही मरतो. म्हणून भाजणी हलक्या हाताची. हा प्रयोग एकदा स्वयंपाकघरात करून पाहावा. लाकडी चमचा उभा राहील अशी पेज डोळ्यांदेखत ओघळायला लागते.

आगरी-कोळी घरांकडे तर याहून स्वस्त माल आहे आणि तो फळीवरच्या डब्यात पडून असतो. जवळा आणि सुकट. स्वच्छ धुऊन वाळू आणि मीठ काढलेला, पुन्हा कडक भाजलेला जवळा कुटून त्याची चिमूटभर भुकटी खिचडीत घातली, तर प्रथिनं, कॅल्शियम आणि लोह तिन्ही येतात. अंडं सातव्या महिन्यापासून पूर्ण शिजवून चालतं, पिवळं आणि पांढरं दोन्ही. 'बाळाला उष्ण पडेल' हे वाक्य मात्र अंडं, मासे, शेंगदाणा या तिन्हींवर एकदम लागू होतं, आणि नेमकी हीच तीन अन्नं बाळाच्या वाटीतून गायब असतात. शेंगदाणा अख्खा देऊ नये, घशात अडकतो. कूट करून द्यावा.

मग वाटीत जे नसतं ते कुठून भरून निघतं? पाच रुपयांच्या पुड्यातून. कळंबोलीच्या कुठल्याही टपरीवर बाळाच्या उंचीला लटकलेल्या माळा पाहा. बिस्किटात कॅलरी नाहीत असं कुणी म्हणणार नाही. उलट भरपूर आहेत. मैदा, साखर, तेल यांच्याच आहेत, त्यामुळे बाळाची भूक मरते आणि लोह-जस्त-प्रथिनांची जागा रिकामीच राहते. बरोबर चहा असेल तर त्यातलं टॅनिन वाटीतलं उरलंसुरलं लोहही शोषू देत नाही. कामावर निघालेल्या आईने रडत्या मुलाच्या हातात पुडा देणं हा तिचा निष्काळजीपणा नाही. पाच रुपयांत, न शिजवता, न भरवता, न सांडता पोर अर्धा तास गप्प करणारी दुसरी वस्तू बाजारात नाही, हे पुडा बनवणाऱ्याला आपल्या आरोग्य खात्यापेक्षा चांगलं कळलेलं आहे.

बाजाराचा आणि बाळाच्या तोंडाचा हा संबंध जुना आहे. १९७० च्या दशकात आफ्रिका-आशियातल्या गरीब वस्त्यांत दुधाच्या भुकटीची जाहिरात जोरात होती. डबा महाग, म्हणून आया तो पुरवून पुरवून वापरत. चार चमच्यांच्या जागी दोन, आणि बाकी पाणी. तेही विहिरीचं किंवा नदीचं. बाळं जुलाबाने आणि उपासमारीने एकाच वेळी जात होती. लंडनच्या 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेने १९७४ मध्ये यावर पुस्तिका काढली, १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीवर बहिष्कार सुरू झाला, आणि १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने दुधाच्या पर्यायांच्या विक्रीवर आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मतं, विरोधात एकच, अमेरिकेचं. भारताने १९९२ मध्ये त्याचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाची, बाटलीची, तयार खाण्याची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत. मेडिकलच्या दुकानात असा डबा उचलून पाहा: त्यावर गोंडस बाळाचा फोटो नसतो. तो कायद्यानेच काढायला लावला आहे. पण कायद्याने साखर काढायला लावलेली नाही. स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये दाखवून दिलं, की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी जवळपास ३ ग्रॅम साखर वरून घातलेली होती, आणि जर्मनी-ब्रिटनमधल्या तशाच खाण्यात ती नव्हती. आपण भारतीय नियमांत आहोत आणि साखर कमी करत आणली आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. नियमांत होती हे खरंच आहे. प्रश्न नियमाचा आहे.

बाटलीची गोष्ट थोडक्यात. तिच्या निपलच्या कडेला जी चिकट रेघ राहते, ती घरी धुऊन निघत नाही, आणि टँकरचं किंवा पिंपातलं पाणी असेल तर विचारूच नये. ब्राझीलमध्ये सेझर व्हिक्टोरा यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंगावर अजिबात न पिणाऱ्या तान्ह्या बाळांचा जुलाबाने मरण्याचा धोका फक्त अंगावर पिणाऱ्यांच्या चौदापट निघाला होता. वाटी-चमचा उघडा असतो, घासता येतो. आपल्याकडे जुलाब झाले की 'दात येतायत' म्हणून सोडून देतात. दात सहाव्या-सातव्या महिन्यात येतात, त्याच वेळी बाळ रांगायला लागतं, हाती लागेल ते तोंडात घालतं, आणि सकाळी केलेली पेज दुपारपर्यंत तशीच झाकून ठेवलेली असते. दोष दाताचा नाही. अशा वेळी ओआरएस, चौदा दिवस झिंक, आणि खाणं बंद करण्याऐवजी थोडं थोडं पुन्हा पुन्हा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. नेमकं याच्या उलट, 'पोटाला आराम' म्हणून बाळाला उपाशी ठेवलं जातं, आणि दर आजारपणात जे वजन जातं ते परत येतच नाही.

सगळं दुखणं गरिबाच्याच घरी आहे, असंही नाही. मनोऱ्यातल्या घरांत पाण्याऐवजी मिक्सर असतो. वर्ष-दीड वर्षाच्या मुलालाही सगळं गंधासारखं वाटून, समोर मोबाईल लावून भरवलं जातं. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत गुठळ्या, मऊ फोडी, पोळीचा कुस्करा चावायला मिळाला नाही, तर पुढे ते मूल घास तोंडात धरून बसतं. बालरोगतज्ज्ञांकडे 'काही खातच नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या खारघरच्या बाजूनेही येतात.

आता सरकारी बाजू. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे पन्नाशी उलटली. पण अंगणवाडीत रोज येऊन गरम खिचडी खाणारं मूल तीन ते सहा वर्षांचं असतं. उंची ज्या काळात खुंटते ते सहा महिने ते दोन वर्षांचं मूल घरी असतं, आणि त्याच्या वाट्याला येतो तो घरी नेण्याचा आहार, टीएचआर. कधी तयार पाकिटं, कधी कच्चा शिधा; हिशेबाने दिवसाला ५०० कॅलरी. ते पाकीट घरात गेल्यावर एकट्या बाळाचं राहत नाही, मोठी भावंडं, आजी, सगळे त्याचे वाटेकरी. बाळापर्यंत पोचणारं माणूस म्हणजे आशा. २०१८ पासून तिने बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचं असतं. नव्याने वसलेल्या शहरी वस्तीत मुळात घर कुणाच्या यादीत आहे, इथपासून तयारी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये 'मागणीनुसार अंगणवाडी'चा आदेश दिला: सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांत ती मिळायला हवी. चाळीस मुलं मोजायला कळंबोलीच्या कडेच्या एखाद्या मजूर वस्तीत एक संध्याकाळ पुरेल. त्या अर्जाची भाषा मात्र वस्तीतल्या कुणाला येत नाही.

पनवेल तालुक्यातल्या कातकऱ्यांचं याहून वाईट. माथेरानच्या पायथ्याच्या आणि कर्नाळ्याच्या अवतीभवतीच्या वाड्यांतून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. अंगणवाडीच्या रजिस्टरात बाळाचं नाव इथे, बाळ दुसऱ्या तालुक्यात. सहाव्या महिन्यात वाडीतून निघालेलं बाळ परत येतं तेव्हा वर्षाचं झालेलं असतं. सेविका त्याच्या दंडाला रंगीत पट्टी लावते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत म्हणजे लाल, साडेबारापर्यंत पिवळा. पट्टी लाल निघाली की सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषण, मग उपचार, विशेष आहार, गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र. पट्टीची गरज पडू नये असे सहा महिने तोवर भट्टीवर जळून गेलेले असतात.

राज्याला हे जमतच नाही असंही नाही. २००५ मध्ये औरंगाबादहून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, देशातलं असं पहिलं. पहिल्या दोन वर्षांवर त्याने जोर दिला. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुरटण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २४ च्या आसपास आल्याचं दिसलं, जगभर त्याचं कौतुक झालं. नंतरच्या सर्वेक्षणांचे पाच वर्षांखालच्या मुलांचे आकडे तितके उत्साहवर्धक नाहीत. वयोगट वेगळे, म्हणून थेट वजाबाकी करू नये; पण जोर ओसरला की काय होतं याचा अंदाज येतो. शिवाय नुसत्या वाटीने सगळं सुटतं असा दावाही करता येत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत झालेल्या मोठ्या चाचण्यांत पूरक आहार आणि सल्ला दिलेल्या मुलांची उंची वाढली, पण थोडीच. नुसती शौचालयं आणि हात धुण्याची सोय दिलेल्यांची तीही वाढली नाही. आईच मुळात कृश आणि रक्तक्षयी असेल, तर बाळ कमी वजनावरूनच सुरुवात करतं.

राहतो तो वेळ. बाळाला नीट भरवायला एका खेपेला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, दिवसातून तीन-चार खेपा. खारघर-कामोठ्याच्या चार घरांची धुणीभांडी करणारी बाई ती कुठून आणणार? बाळ आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर असतं आणि ताईच्या हातात पुडा. संघटित नोकरीतल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने, म्हणजे भरवण्याचं काम जेव्हा सुरू होतं, त्या दिवशी रजा संपते. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर बंधनकारक होतं. काम लहान-लहान ठेकेदारांत वाटलं, की कुणाच्याच हजेरीपटावर पन्नास भरत नसत. मुंबई मोबाईल क्रेशेससारखी संस्था १९७० च्या दशकापासून बांधकामावर पाळणाघरं चालवते आहे, नवी मुंबईतही. तिथे मुलाला दिवसातून तीनदा खायला मिळतं, आणि दर महिन्याला वजन होतं. पाळणाघराला पोषणाच्या खात्यात कुणी धरत नाही, पण माझ्या मते तीच खरी पोषण योजना आहे. शिधा वाटणं सोपं, भरवणारा हात पुरवणं महाग, म्हणून आपण पहिलं करत राहतो.

दुसरा एक हात घरातच आहे. माथाडी, ट्रकचालक, रिक्षावाले, वॉचमन, तळोज्यातले पाळीवाले: कळंबोलीत दिवसा घरी असणारे बाप थोडे नाहीत. तरी दर सप्टेंबरला पोषण माहात अंगणवाडीत पाककृतींचं प्रात्यक्षिक होतं तेव्हा समोर एकजात बायकाच बसलेल्या असतात. बापांना बोलवायचं असेल, तर निरोप सोसायटीच्या आणि ट्रक टर्मिनलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावा लागेल, आणि वेळ सकाळी अकराची नाही, दुपारी चारची ठेवावी लागेल. रात्रपाळीवाले तोवर झोपून उठलेले असतात.